वाऱ्याकडे हातभर

चिंचवड,
ता. १७ नोव्हेंबर १९५७

यशोदाअक्का,

पार्सल शुक्रवारी पोचलं. तीन रॅकेटी, बॅडमिंटनच्या फुलांचा एक डबा, आणि सगळ्याला गुंडाळलेलं तुझं ते पोपटी लुगडं. पोरं रॅकेटींवर तुटून पडली आणि मी लुगड्याची घडी घालत बसले. त्याचा काचा मारून तू खेळायचीस आणि मी कडेला बसून फुलं वेचायचे. मला स्वतःला चार फटके कधी धड मारता आले नाहीत. पण खेळ कसा दिसायला हवा ते डोळ्यांत आहे. तेवढ्यावरच मी हे आरंभलं आहे.

धड कोर्ट असेल तरच क्लबाच्या रॅकेटी देईन, ही तुझी अट होती. कोर्ट झालं. शाळेच्या मागे, भिंतीच्या आडोशाला. चुन्याच्या रेषा मी स्वतः दोरी धरून आखल्या. तेव्हा काळजी करू नकोस.

सहा पोरं येतात, पण मला लिहायचं आहे ते भागूबद्दल. सातवीत आहे, तेरा वर्षांची. मागच्या वर्षी तिच्या मामाच्या ज्वारीत माळ्यावर उभी राहून गोफण फिरवताना मी तिला पाहिली. दगड सुटताना खांद्यापासून मनगटापर्यंत हात जसा उलगडत गेला, तसा मी फक्त तुझा पाहिला होता. तेव्हापासून डोक्यात होतं.

आमची शाळा सातवीला संपते. मुली तिथेच संपतात. फेब्रुवारीत पुण्याला चौदा वर्षांखालच्या मुलींचे सामने आहेत ना, त्यात पहिल्या येणाऱ्या मुलीला तुमच्या हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत जागा आणि वसतिगृह मिळतं असं तूच लिहिलं होतंस. मी तो कागद घेऊन भागूच्या वडिलांकडे, गेनबांकडे गेले. त्यांचं रान तीन वर्षांमागे कारखान्यात गेलं. आता त्याच कारखान्यात ते माळी आहेत. जिथे गहू पेरायचे तिथे हिरवळीला पाणी घालतात. कमी बोलतात.

त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पयली आली तर जाऊ द्या पुन्याला. न्हाई आली तर घरी. मधलं काय न्हाई, बाई."

मी म्हटलं, दुसरी आली तरी केवढी गोष्ट आहे. तर म्हणाले, "दुसऱ्याला कोन जागा देतंय?"

अक्का, बारा आठवडे आहेत. पत्रातून शिकव. मी तुझे शब्द तसेच्या तसे तिच्या हातात घालीन.

तुझी,
सुभद्रा

पुणे,
ता. २२ नोव्हेंबर १९५७

चि. सुभद्रा,

पत्रातून पोहायला शिकवावं तसं आहे हे. तरी लिहिते.

कोर्ट दक्षिणोत्तर असू दे, म्हणजे संध्याकाळचं ऊन कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही. तसं नसेल तर रेषा पुसून पुन्हा आख. भिंतीचा आडोसा आहे हे फार बरं झालं. उघड्यावर शिकलेला हात फुकट जातो.

पहिले पंधरा दिवस फटका नको, फक्त पाय. प्रत्येक फटक्यानंतर कोर्टाच्या मध्यावर परत यायचं. पोरांना हे पटत नाही, त्यांना फूल पडेल तिथेच उभं राहावंसं वाटतं. मध्यावर खडूने फुली काढ आणि ती पायाने पुसली गेली पाहिजे, एवढंच सांग. मग उंच फटका, मागच्या रेषेपर्यंत. स्मॅश सगळ्यांत शेवटी. गोफणवाल्या पोरीला पहिल्या दिवसापासून तोच हवा असणार, पण देऊ नकोस.

डावपेच एवढाच ध्यानात ठेव: समोरचीला चारही कोपऱ्यांत पळवायचं, आणि ती एका कोपऱ्यात अडकली की उघड्या जागी अलगद टाकायचं. जोर लागत नाही. समोरची कुठे नाही, ते बघायची सवय लागते.

रोज काय झालं ते बारीकसारीक लिही. मला दिसत नाही, हे विसरू नकोस.

इथे ठीक. हे दौऱ्यावर असतात. कौशल्या सायकल शिकते आहे, दोन्ही गुडघे फोडून घेतलेत.

तुझी,
अक्का

चिंचवड,
ता. १३ डिसेंबर १९५७

अक्का,

कोर्ट दक्षिणोत्तरच आहे. फुली रोज पुसली जाते. भागू पळते तेव्हा पावलांचा आवाज येत नाही.

उंच फटका तिला आठ दिवसांत आला. आता ती कोपरे शोधते. भैरूला, तिच्या चुलतभावाला, ती अशी पळवते की तो परवा रॅकेट टाकून खाली बसला. "भागे, येकदा तरी सरळ मार की," म्हणाला. ती म्हणाली, "सरळ तू हायस ना."

फूल बरोबर रेषेवर पडतं, फार तर चार बोटं आत. पण एक गोष्ट मला खटकते. मागे उभी राहून पाहिलं तर तिच्या रॅकेटीचं तोंड रेषेच्या बाहेर असतं. बाहेर मारते आणि आत पडतं. मला कळत नाही हे कसं. मनगट शेवटच्या क्षणी वळवत असेल का? तुझं तर असं नव्हतं.

दुसरं, ती मधून कधी मारत नाही. नेहमी कडेने. याला दोष म्हणायचं की गुण?

गेनबा कारखान्याचा भोंगा झाला की येऊन कडेला उकिडवे बसतात. काल फक्त म्हणाले, "पोरगी दमत न्हाई." खेळाबद्दल त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य आहे, म्हणून लिहिते.

तुझी,
सुभद्रा

पुणे,
ता. १८ डिसेंबर १९५७

चि. सुभद्रा,

कडेने मारते हा गुण आहे, त्याला हात लावू नकोस. पण मनगटाचं तू लिहिलंस ते वाचून मी जेवता जेवता उठले. बाहेर मारून आत पडतं याचा अर्थ तिची मूठ चुकली आहे. उलथनं धरावं तशी रॅकेट धरत असेल, आणि शेवटी मनगट मुरगळून फूल आत ओढत असेल. आज रेषेवर पडतं, उद्या दमली की पडणार नाही. शिवाय मनगट कायमचं दुखावेल. माझा खांदा कसा गेला ते तू पाहिलं आहेस.

तेव्हा मूठ बदल. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला कोन दांड्याच्या वरच्या धारेवर आला पाहिजे. तोंड जिथे, फूल तिथे. सुरुवातीला सगळं बिघडेल. बिघडू दे. तीन आठवडे दम धर.

अक्का

चिंचवड,
ता. ९ जानेवारी १९५८

अक्का,

तीन आठवडे धरला दम.

आता तिचं फूल रेषेच्या आत क्वचितच पडतं. उत्तरेच्या बाजूने खेळताना एकीकडे वाहवतं, दक्षिणेकडून खेळताना दुसरीकडे. मूठ तू सांगितलीस तशीच आहे, मी रोज बोटांनी चाचपून बघते. परवा तिने रॅकेट खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, माजा हात कुनाचा तरी दुसराच झालाय." रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गेनबा काल म्हणाले, "आदी ब्येस खेळत हुती. शिकवून शिकवून बिघडवली का काय?" चेष्टेत म्हणाले, पण पोरांनी ऐकलं.

एका रविवारच्या पॅसेंजरने ये. स्टेशनापासून पायी पंधरा मिनिटं. तू एकदा डोळ्यांनी बघ, मग सांग. एक महिना राहिला आहे, अक्का.

सुभद्रा

पुणे,
ता. १३ जानेवारी १९५८

चि. सुभद्रा,

येणं होणार नाही. कारण विचारू नकोस, घरचं आहे. मूठ सोडू नका. सामन्याच्या हॉलमध्ये लाकडी जमीन असते, कॅनव्हासचे बूट लागतील. त्यांची सवय आजपासून करा.

अक्का

चिंचवड,
ता. २७ जानेवारी १९५८

सौ. यशोदाबाई यांस,

सामन्यांची छापील पत्रिका आज शाळेत आली. मुलींच्या यादीत वरून तिसरं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. कौशल्या. तुमची लेक कौशल्या.

सायकल शिकते आहे असं लिहिलं होतंत. गुडघे फोडून घेतल्याचंही. ती तुमच्या हाताखाली बॅडमिंटन खेळते, क्लबाच्या हॉलमध्ये, आणि याच सामन्यात उतरते आहे, हे मात्र अडीच महिन्यांत एका ओळीत लिहायला जमलं नाही.

मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. १८ डिसेंबरच्या आधी माझ्या भागूचं फूल रेषेवर पडत होतं. तुमचं पत्र आलं आणि पडेनासं झालं. मी तिची बोटं धरून तुमची मूठ तिच्या हातात बसवली. स्वतःच्या हाताने. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं.

तुम्ही असं कराल असं मला वाटत नाही. पण वाटत नाही म्हणताना मी काय काय मनात आणलं ते मलाच ठाऊक आहे. घरचं कारण विचारू नकोस म्हणालात. आता विचारत नाही.

रॅकेटी सामन्यानंतर परत पाठवीन.

सुभद्रा

चिंचवड,
ता. २८ जानेवारी १९५८

यशोदाबाईंना भागूचा नमस्कार.

आमच्या बाईंना न सांगता हे पत्र लिवते. बाई काल वर्गात फळ्याकडं तोंड करून उभ्या ऱ्हायल्या. बराच येळ. तुमचं पत्र आलं की त्या हसायच्या. आता हसत न्हाईत. माज्यामुळं काय झालं असंल तर मला सांगा.

तुमी सांगितलेली मूठ मी रोज धरते. पन खळ्यावर तशी मूठ चालत न्हाई. तुमाला खळं ठाऊक असंल. आमचं रान गेलं पन खळं ऱ्हायलं, मळणी न्हाई म्हणून वडिलांनी ते बाईंना खेळायला दिलं. शाळेमागं जागा मागितली व्हती ती हेडमास्तरांनी दिली न्हाई. खळं आजोबानी वारा बघून केलं हाय. धान्य वाऱ्यावर उफनायचं म्हणून. देहूच्या अंगानं रोज चार वाजता वारा येतो तो दिवस मावळंपतोर ऱ्हातो. म्हणून मी आदी वाऱ्याकडं हातभर भाईर मारायची, मग वारा फूल आत आनून टाकायचा. गोफनीचा दगड पन असाच मारत्यात, पाखरू हाय तितं न्हाई, वाऱ्याकडं थोडा. आता तोंड जितं फूल तितं म्हणून मारते तर वारा त्ये घिऊन जातो.

खळ्याच्या मदी तिवडा हाय, बैल बांधायचा खांब. वडील म्हणाले खेळा पन तिवडा उपटायचा न्हाई, तिवडा उपटला म्हंजी खळं मोडलं. म्हणून जाळी त्यालाच मदनं बांधलीय. मदी मारलं की फूल तिवड्याला लागून आपल्याकडंच पडतं. खळ्यात चप्पल घालत न्हाईत म्हणून आमी अनवानी खेळतो. गुन मोजताना पन एक म्हणायचं न्हाई, धान्य मापताना म्हणत्यात तसं लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.

बुटांनी फोड आला हाय पन बरा हाय.

भागू गेनू

पुणे,
ता. ३० जानेवारी १९५८

सुभद्रा,

तुझं पत्र आणि भागूचं पत्र एकाच टपालाने आलं. तुझं आधी वाचलं. मग बराच वेळ दुसरं फोडलंच नाही.

भागूचं पत्र सोबत जोडते. तिला रागावू नकोस. तिने एका पानात जे सांगितलं ते तू चार पत्रांत लपवलंस. भिंतीचा आडोसा, सुभद्रा. मी त्या भिंतीवर विश्वास ठेवून तिची मूठ मोडली. तिची मूठ बरोबर होती. वाऱ्यावर बाहेर मारून आत टाकायला तेरा वर्षांच्या पोरीने स्वतः शिकावं, आणि मी त्याला दोष म्हणावं.

तू का लपवलंस ते मला कळतं. माझी अट तशी होती. खळ्यावर खेळतो म्हणाली असतीस तर मी रॅकेटी दिल्या नसत्या. हे खरं आहे, आणि ते लिहिताना बरं वाटत नाही.

आता माझं. कौशल्या दोन वर्षं माझ्याकडे शिकते. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझा प्रत्येक शब्द तू दोनदा तपासून पोरीच्या हातात घातला असतास. अर्धवट विश्वासाने कोणाला शिकवता येत नाही. असं मी स्वतःला समजावलं. त्यात थोडी लाजही होती. एका हाताने मुलीला शिकवायचं आणि दुसऱ्या हाताने तिच्याविरुद्ध.

मी आले का नाही, तेही सांगते. भागूला मी एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं, तर तिचं कच्चं काय आणि पक्कं काय ते माझ्यात राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी कौशल्यासमोर उभी राहिल्यावर ते आपोआप हातात उतरलं असतं. मला माझ्या हाताची खात्री नव्हती.

दहा दिवस आहेत. वाऱ्यापासून दूर न्या तिला. हॉलमध्ये वारा नाही, तिथे तोंड जिथे फूल तिथे हेच खरं. कुठेही बंद जागा शोध, नुसती लांबी पुरेशी असली तरी चालेल. बूट घालूनच.

आत एक चिठ्ठी आहे, वेगळी, चिकटवलेली. कौशल्याचा कच्चा कोपरा कोणता ते त्यात लिहिलं आहे. कौशल्याला मी याबद्दल बोललेले नाही, बोलणारही नाही. भागूचं कच्चं माझ्या हातून तुझ्यामुळे तयार झालं, तर कौशल्याचं निदान तुला ठाऊक असावं. उघडायची की नाही ते तू बघ.

तुझी, अजून असेन तर,
अक्का

चिंचवड,
ता. ४ फेब्रुवारी १९५८

अक्का,

फक्त एवढंच. शाळेच्या लांबट वर्गातले बाक बाहेर काढले. हेडमास्तर काही म्हणाले, मीही काही म्हणाले. खिडक्यांना गोणपाट लावलं. पहिल्या दिवशी भागू आत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हितं हवाच न्हाई. फूल मेल्यासारखं सरळ जातंय."

तीन दिवसांत रेषा सापडली. चौथ्या दिवशी पुन्हा हरवली. आज अर्धी सापडली आहे.

जाळीऐवजी दोरी बांधली आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. अजून उघडलेली नाही.

सुभद्रा

पुणे,
ता. १० फेब्रुवारी १९५८

सुभद्रा,

काल तू न भेटता गेलीस. गेनबांचा पांढरा पटका दाराबाहेर जाताना दिसला आणि मी जिन्यापर्यंत आले, पण तुम्ही रस्त्याला लागला होतात.

तू समोरच्या बाजूला होतीस, म्हणून माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते. भागू सकाळच्या दोन फेऱ्या जिंकली तेव्हा आमच्या क्लबातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, ही कुठली. अंतिम फेरीत तिच्यासमोर कौशल्या येणार हे मला पहिल्या फेरीतच कळलं होतं. पहिला डाव कौशल्याने सहज घेतला. भागूची तीन फुलं हातभर बाहेर गेली आणि प्रत्येक वेळी तिने वर छताकडे पाहिलं. बाकीचे हसले. मला ठाऊक होतं ती काय शोधते आहे.

मग दोन डावांच्या मध्ये तू पर्स उघडलीस. तू चिठ्ठी फोडलीस, वाचलीस आणि भागूच्या कानाशी वाकलीस. मी समोरून पाहत होते.

दुसरा डाव. डाव्या खांद्यावरून मागे जाणारं उंच फूल कौशल्याला घेता येत नाही, ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. भागूने एकामागून एक तिथेच टाकली. कौशल्या मागे वाकायची, धडपडायची, मग माझ्याकडे बघायची. आई, आता काय करू, असं. मी मान खाली घातली. ते मीच दिलं होतं, आणि ते देणं बरोबर होतं, आणि तरी तिच्याकडे बघवेना. डाव भागूने घेतला.

तिसरा. दहा-नऊ. सर्व्हिस कौशल्याची. भागूने तिला पुन्हा त्याच कोपऱ्यात ढकललं, कौशल्या घसरली, गुडघ्यावर आली. तिने कसंबसं परतवलेलं फूल जाळीवर हळू उंच आलं. समोर सगळा मध्य उघडा, कोणी नाही. नुसतं टेकवलं असतं तरी सर्व्हिस भागूकडे आली असती, आणि कौशल्या संपलेली होती. भागूने ते वळवून कडेला मारलं. चार बोटं बाहेर. अकरा-नऊ, सामना संपला.

का? मी रात्री अंथरुणात तेच घोळवत होते. समोरची कुठे नाही ते बघायला मीच शिकवलं होतं. तिने बघितलं होतं, मला तिचे डोळे दिसले. तरी कडेला का गेली?

आता महत्त्वाचं. कौशल्या याच शाळेत शिकते, घरी राहते, तिला त्या जागेचा उपयोग नाही. मी हायस्कुलाच्या मोठ्या बाईंना भेटले. कौशल्याही माझ्याबरोबर आली, मी न सांगता. जागा दुसऱ्या आलेल्या मुलीला द्यायला त्या तयार आहेत. पाच मार्चपर्यंत कळवायचं आहे. पण गेनबांचा शब्द पहिली आली तर असा होता, तो मी विसरलेले नाही.

अक्का

चिंचवड,
ता. २६ फेब्रुवारी १९५८

अक्का,

उत्तराला इतके दिवस लागले, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. भागूने बूट काढून मांडीवर धरले होते. शिवाजीनगर गेलं, खडकी गेली. दापोडीला गेनबा एकदम म्हणाले, "मदी का न्हाई मारलं?"

भागू म्हणाली, "तिवडा लागंल वाटलं."

"तितं कुटं तिवडा हुता?"

"मला दिसला."

त्यानंतर चिंचवडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. तिला उघडा मध्य दिसला, आणि त्यात तिवडाही दिसला. दोरीवर मी तिला आठ दिवस खेळवलं आणि सगळा वेळ रेषांवर घालवला. मध्य एकदाही तपासला नाही. कडेने मारते हा गुण आहे असं तू लिहिलंस, मलाही तेच आवडत होतं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी गेनबांकडे गेले. जागा मिळते आहे हे सांगितलं. भागूची आई कुशाबाई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "आवो, मिळतीया तर..." गेनबांनी हात वर केला. ते म्हणाले, "पयली आली का?" मी म्हटलं, नाही. "मग बोललो त्ये बोललो."

भागू दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली, पण खळ्यावर आली नाही. बाकीची पोरं खेळायची आणि गेनबा भोंग्यानंतर येऊन त्याच जागी बसायचे. भागू नसताना कशाला येतात, मला कळेना. ते फुलं बघत होते. भैरूने मधून मारलं, फूल तिवड्याला लागून पडलं. गवरा म्हणून दुसरी पोर आहे, तिने मारलं, पडलं. पोरांना त्याची सवय आहे. गेनबा दर वेळी तिवड्याकडे बघायचे. असे दहा दिवस.

मी त्यांना एकदाही काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की काय, ठाऊक नाही. मला वाटायचं, मी बोलले तर ते उठून जातील आणि परत येणार नाहीत.

काल सकाळी शाळेत जाताना खळ्यावरून गेले. गेनबा पहार घेऊन उभे होते. जाळी सोडून नीट घडी करून कडेला ठेवली होती. तिवड्याला हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला. ते एकटेच खणत होते. माझ्या पायांचा आवाज ऐकून वर न बघता म्हणाले, "बाबानं रवला हुता. बाभळीचा हाय, आजून कीड न्हाई." मग खांद्याला लावून हलवला, पुन्हा खणला, पुन्हा हलवला. बराच वेळ लागला. निघाला तेव्हा त्यांनी तो आडवा ठेवला आणि शेजारी बसले. मी चपला काढून लांब उभी होते.

म्हणाले, "खळं व्हतं तंवर तिवडा. आता पेरायचं काय, मळायचं काय. मीच उगं धरून बसलो." मग थोड्या वेळाने, "पोर न्हाई चुकली, बाई. तिनं आमचा तिवडा राखला."

संध्याकाळी दोन खांब रोवून जाळी बांधली, दोन्ही कडांना, धड. गेनबांनी भागूला हाताला धरून आणलं. तिच्यासमोर भैरूला उभा केला आणि म्हणाले, "मदी मार."

पहिलं तिने कडेला मारलं. दुसरंही. गेनबा कडेला जाऊन उकिडवे बसले. तिसरं फूल जाळीच्या बरोब्बर मधून गेलं आणि भैरूच्या पायापाशी पडलं. मग गेनबा हळूच म्हणाले, "लाभ."

घरी जाताना त्यांनी मला विचारलं, पुण्याची सकाळची गाडी किती वाजता असते.

सोमवारी येतो, तिघं. गेनबा स्वतः मोठ्या बाईंना भेटणार आहेत, अंगठ्याऐवजी सही करणार म्हणतात, भागू त्यांना शिकवते आहे. लुगडं धुऊन इस्त्री करून आणते. रॅकेटी इथेच राहू दे, गवरा आता बरी खेळते. कौशल्याला सांग, भागू विचारत होती तिचा गुडघा कसा आहे.

एक गोष्ट तू बघ. खड्डा आम्ही बुजवला, चोपला, शेणाने सारवला, पण माती अजून बसलेली नाही. भागू पळताना त्या जागेवरून पाऊल उचलून टाकते, जसं काही तिथे आहे. मी रोज सांगते, तरी टाकते. तुझ्या हॉलमध्ये आली की तेवढं बघ.

तुझी,
सुभद्रा